आमच्या नायिकेचा रंग

माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले तेव्हा आमच्या घरात चेहऱ्याला रंग लावणारं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे माझा नवरा.

हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. माझं माहेर तिवशाच्या बाजूचं, शेतीवाडीचं. मुलगा केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून आहे, सुपारीचं खांडही खात नाही, घरात आईशिवाय कोणी नाही, एवढं माझ्या वडिलांच्या कानावर घातलं होतं. नाटकात काम करतो, असंही मध्यस्थ ओझरतं बोलले होते. नायिकेचं काम करतो, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं असावं.

लग्नानंतरचे पहिलेच दिवस. एका संध्याकाळी हे माझ्याजवळ आले, सासूबाई ऐकत नाहीत ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तुह्यापाशी थो लाल शालू हाये ना, थो काढून ठेव बरं."

मला वाटलं, दोघांनी कुठं जायचं असेल. मी विचारलं, "कुठी जाचं हाये?"

"तुले नाई जाचं. शालू मले पाह्यजे."

पन्नास सालानंतरची ती पहिली काही वर्षं. त्या वेळी चांगल्या घरची बाई अकोल्यात स्टेजवर चढत नसे, आणि ज्या बाया चढायला तयार असत त्यांना आमचं मंडळ चांगल्या घरच्या समजत नसे. तेव्हा नायिका पुरुषांतूनच निवडावी लागे. कचेरीतल्या कर्मचाऱ्यांचं ते हौशी मंडळ होतं. आमचे हे अंगानं सडपातळ, मान लांब, आवाज बारीक. भरती झाल्याच्या वर्षीच ते नायिका झाले होते, आणि दरवर्षी सगळ्या कचेरीची नायिका तेच. मंडळाचे कर्तेधर्ते म्हणजे कचेरीतले हेडक्लार्क. सगळे त्यांना बडेबाबू म्हणत. ते पुण्याहून बदलून आलेले होते, आणि आम्हां वऱ्हाडी माणसांना मराठी शिकवायची जबाबदारी सरकारनं आपल्यावर टाकली आहे, असा त्यांचा समज होता. तालमीत ते सारखे म्हणत, "मले-तुले नको हो, मला-तुला म्हणा!" हे तिथं 'मला-तुला' म्हणत, आणि घरी येऊन "मले पानी दे" म्हणत.

ह्यांचा रंग माझ्यासारखाच होता. दोघंही उन्हात वाढलेले, दोघंही चांगले काळे. फरक एवढाच की सासूबाई आल्यागेल्याला माझी ओळख "सून कायी हाये, पन कामाची हाये" अशी करून देत, आणि मुलाच्या रंगाबद्दल कधी कोणाला काही सांगावं असं त्यांना वाटत नसे.

त्या वर्षी गणपतीत मी ह्यांचं नाटक पहिल्यांदा पाहिलं. रंगवायचं काम तेव्हा शाळेतले एक ड्रॉइंगमास्तर करत. आता माझी नात ज्याला फाउंडेशन म्हणते आणि ज्याच्या डझनभर छटा मनगटावर ओढून बघते, त्याला आम्ही नुसता 'रंग' म्हणायचो, आणि तो एकच असे. सफेदा खोबरेल तेलात खलायचा, त्यात थोडी गुलाबी भुकटी घालायची आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत लिंपायचा. मास्तर भिंती रंगवायचंही काम घेत. माणसाचा चेहरा आणि भिंत ह्यांत ते फारसा भेद करत नसत; फक्त भिंत हलत नाही म्हणून ती त्यांना जास्त आवडे.

पडदा वर गेला आणि माझा लाल शालू नेसून नायिका आली. चेहरा पांढराफेक. कान काळे. मान काळी. पदर सावरायला हात वर केला तर तोही काळा. आणि दिव्यांच्या उजेडात हनुवटीवर, सफेद्याच्या आतून, सकाळीच घोटून काढलेली दाढी राखेसारखी दिसत होती.

माझ्या शेजारी आमच्या चाळीतली एक काकू बसली होती. ही नायिका म्हणजे माझा नवरा, हे तिला ठाऊक होतं, तरी ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कावं, हे बाई चुन्याच्या डबीत तोंड घालून आली काय?"

मी पदर तोंडात कोंबून हसले. ती नायिका विहिरीत जीव द्यायला निघाली तेव्हा बाकीच्या बाया डोळे पुसत होत्या आणि मी हसू आवरत होते.

दुसऱ्या दिवशी जेवताना ह्यांनी विचारलं, "कसा झाला खेळ?"

"खेळ चांगला झाला," मी म्हटलं. "पन तोंड एका बाईचं अन् मान दुसऱ्याच मानसाची दिसून राह्यली होती."

ह्यांनी भाकरी संपवली, हात धुतले, आणि चूळ भरून आल्यावर म्हणाले, "मंग तूच लावून पाय."

अशी मी ह्या धंद्यात पडले. मला त्यातलं काहीही येत नव्हतं. बाजारातल्या रंगाच्या दुकानातून मी सफेदा, पिवडी आणि काव आणवली. म्हणजे एक पांढरा, एक पिवळा आणि एक विटकरी लाल. रविवारी दुपारी ह्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि पितळीत खोबरेल ओतून खलायला लागले. रंग कसा जमलाय ते मी स्वतःच्या हाताच्या पाठीवर लावून पाहिलं. छान दिसला. ह्यांच्या चेहऱ्यावर लावला तर नायिकेला कावीळ झालेली. सासूबाई दारात धान्य निवडत बसल्या होत्या. त्या वर पाहून म्हणाल्या, "वैद्याले बलावू काय?"

मग मी काव वाढवली. ती जरा जास्तच वाढली. आता हे भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटेसारखे दिसायला लागले. पुसायला गेले तर कावेचा लाल कण कातडीच्या बारीक भोकांत जाऊन बसलेला. तेलानं पुसलं, बेसनानं घासलं, राखेनंही घासणार होते, पण ह्यांनी हात धरला. सोमवारी दोन्ही गाल लाल घेऊन हे कचेरीत गेले. बडेबाबूंनी त्यांना बाजूला बोलावून फार आपुलकीनं विचारलं, "घरी काही बोलाचाली झाली का?"

पण त्या लाल गालांनी मला एक गोष्ट दाखवली. संध्याकाळी हे दिव्याखाली बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हनुवटीवर जिथं काव मुरली होती, तिथं दाढीची निळसर झाक दिसतच नव्हती. म्हणजे दाढी झाकायला पांढरा रंग नको, लाल हवा. पांढऱ्यानं तर ती उलट वर येते. पुढच्या रविवारी मी आधी दाढीच्या जागेवर अगदी पातळ काव फिरवली, पुसून घेतली, आणि मग वरून रंग लावला. राख गेली!

बाकीचं हळूहळू कळत गेलं. हाताच्या पाठीवर रंग पाहायचा नाही, जबड्याच्या कडेला पाहायचा, जिथं चेहरा संपून मान सुरू होते. बोटभर पट्टा ओढायचा, माणसाला दारात उजेडाला उभं करायचं, आणि पट्टा दिसेनासा झाला की तो रंग त्याचा. मग तोच दिव्याखाली पुन्हा पाहायचा, कारण दिवा पिवळं सगळं खाऊन टाकतो. जाड लावायचा नाही. लावून झाला की मी ह्यांना हसायला सांगायची. ओठांच्या बाजूला भेग पडली की सगळं पुसून अर्धंच लावायचं. ओल्या मलमलीच्या बोळ्यानं थोपटायचं, घासायचं नाही. कान, मान, पाठीचा जेवढा भाग दिसतो तेवढा, आणि हात कोपरापर्यंत, सगळीकडे तोच रंग.

आणि हे सगळं करून जो रंग शेवटी नेमका बसला तो जवळजवळ ह्यांचाच होता. एवढी खटपट करून मी माझ्या नवऱ्याला त्याच्या स्वतःच्या रंगानं रंगवलं होतं. फक्त आता तो बाई दिसत होता.

सासूबाईंनी त्याला शालूत वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुह्यापेक्षा बरा दिसते."

बडेबाबूंना मात्र पटेना. "वहिनी, काम सुरेख आहे," ते म्हणाले, "पण नायिका वकिलाची मुलगी आहे हो. मोठ्या घरची. ती सावळी कशी असेल?" मी वाद घातला नाही. त्यांच्या समाधानासाठी कपाळावर आणि नाकाच्या दांडीवर चिमूटभर सफेदा वाढवू लागले. तेवढ्यानं नायिका वकिलाची होई.

अशी काही वर्षं गेली. मग एकदा अमरावतीच्या एका महिला मंडळानं आम्हाला बोलावलं. फक्त बायकांसाठी खेळ, तोही दुपारी, म्हणजे बायांना दिवेलागणीच्या आत घरी जाऊन स्वयंपाक करता येईल. उन्हाळ्याचे दिवस. आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला पोचलो तेव्हाच सगळे घामानं निथळत होते. हॉलवर टिनाचं छप्पर. मागच्या अंधाऱ्या खोलीत मी नेहमीसारखं ह्यांना रंगवलं, शालू नेसवला, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी सहज बाहेर डोकावले. हवा यावी म्हणून हॉलच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. स्टेजवर लख्ख ऊन पडलं होतं.

मी ह्यांना खिडकीशी नेलं आणि पाहिलं. दिव्याखाली जी वकिलाची मुलगी होती, ती उन्हात चाळीतल्या काकूची ती चुन्याची डबी झाली होती. वर घामाचे ओघळ.

"पुसा," मी म्हटलं.

"काय पुसा? घंटा होऊन राह्यली!"

"पुसा म्हंते ना!"

बडेबाबू दारात हात चोळत उभे. मी तेल घेऊन सगळा चेहरा उघडा केला. हॉलच्या बाहेर सोडावाटरवाला होता. त्याच्याकडून बर्फाचा तुकडा आणला, फडक्यात गुंडाळला आणि ह्यांच्या तोंडावरून फिरवत राहिले, घाम थांबेपर्यंत. मग दाढीवर कावेचा पातळ हात, आणि वरून रंग, इतका थोडा की असून नसल्यासारखा. सफेदा मुळीच नाही. उन्हात त्याला काम नव्हतं. बडेबाबू म्हणाले, "अहो, ही तर अगदीच..." पण तेवढ्यात बाया टाळ्या वाजवायला लागल्या होत्या आणि नायिका पळत स्टेजवर गेली.

खेळ रंगला. इतका की संपल्यावर बाया उठेनात; मागच्या खोलीपर्यंत आल्या. त्यांत एक म्हातारी, ठसठशीत नथ घातलेली, काठी टेकत थेट माझ्यासमोर येऊन बसली. हे कोपऱ्यात पाठमोरे उभे होते, अजून शालूतच.

म्हातारीनं काठीनं ह्यांच्याकडे दाखवत विचारलं, "थे पोरगी तुही कोन लागते वो?"

"घरचीच हाये," मी म्हटलं.

"चांगली हाये. रंगानं कायी हाये, पन नाकीडोयी चांगली हाये. लगन झालं काय तिचं?"

"झालं."

"अरे देवा! माहा भाचा होता. कोनासंगं झालं?"

"माह्यासंगं."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग शालूकडे पाहिलं. हे वळले आणि त्यांनी डोक्यावरचा केसांचा टोप काढला. म्हातारी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. जाताना माझा हात धरून म्हणाली, "भाच्याचं जाऊ दे. तोंडाले काय लावलं थे सांगून जा."

ही गोष्ट आमच्या आधी अकोल्याला पोचली. मग आमच्या घरी आया येऊ लागल्या, बरोबर दाखवायच्या मुली. त्यांची मागणी एकच असे: तुमच्या घरच्यांसारखी दिसली पाहिजे. ह्या मागणीनं आमचे हे फार सुखावत आणि आतल्या खोलीतून मुद्दाम खाकरत. मी मुलीला दारात उभी करायची, जबड्याच्या कडेला पट्टा ओढायची, रंग जमवायची. एका आईनं पट्टा दिसेनासा झालेला पाहिला आणि तिचा चेहरा पडला.

"हा तं तिचाच रंग झाला," ती म्हणाली.

"हो, तिचाच."

"मंग लावाचा कायले?"

त्या माउलीनं मुलीला तशीच उठवली आणि ड्रॉइंगमास्तरांकडे नेली. लग्न जमलं म्हणे. मास्तरांचं नाव झालं.

साठ सालानंतर वारं बदललं. नाटकांच्या स्पर्धा सुरू झाल्या होत्या आणि बाईचं काम बाईनंच केलेलं परीक्षकांना आवडतं, असं बडेबाबूंच्या कानावर आलं. त्यांनी ह्यांना घरी येऊन सांगितलं. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, मंडळावर ह्यांचे किती उपकार आहेत ते बोलले, आणि मग म्हणाले, "ह्या वेळी तुम्ही इन्स्पेक्टर करा."

हे "हो" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिशी राखायला सुरुवात केली. जेवताना एकदा म्हणाले, "पाय, मिशी असली की मानूस मोकया होते." पण आवाजात मोकळेपणा नव्हता. इतकी वर्षं सगळं गाव ज्या माणसाकडे टक लावून पाहत होतं, त्याच्यासाठी आता नाटकात एकच वाक्य होतं, आणि तेही बेड्या घालतानाचं.

नवी नायिका मिळाली ती मुलींच्या शाळेतली एक मास्तरीण. तिला आम्ही सगळे बाई म्हणायचो, वयानं माझ्याहून लहान असली तरी. वडील जिनिंगमध्ये कामाला. घरचे सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर ती थांबलीच नाही, शिकली, नोकरीला लागली. बोलणं स्वच्छ, पाठांतर पक्कं. बडेबाबूंना तिला 'मला-तुला' शिकवावं लागलं नाही. तिनंच एकदा त्यांचा एक उच्चार दुरुस्त केला.

रंग जमवून पाहायला ती आमच्या घरी आली. ती यायच्या आधी सासूबाई मला म्हणाल्या, "तू तिच्या तोंडाले हात लावशीन?"

"तोंडाले हात नाई लावला तं रंग कसा लावू?"

"थे बी खरं हाये," म्हणून सासूबाई उठून मागच्या दारी गेल्या आणि बाई जाईपर्यंत तिथंच काहीतरी निवडत बसल्या. मी चहाचं विचारलं तर बाई म्हणाली, "नको ताई, आत्ताच घेतला." पुढेही जेव्हा जेव्हा आली, ती चहा आत्ताच घेऊन आलेली असे. मीही आग्रह केला नाही. आमच्याकडे एक बिनकानाचा कप वेगळा ठेवलेला होता, आणि तो फळीवर दारातूनच दिसत होता.

मी तिच्या जबड्यावर पट्टे ओढले. तिचा रंग माझ्याहूनही गडद, पण आत एक तांबूस झाक होती. कपाळ आणि गाल एका रंगाचे नव्हते. तसे ते कोणाचेच नसतात. काव, पिवडी आणि चुलीवरच्या तव्याची थोडी काजळी असं मिश्रण बसलं. तिनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "अजून लावला नाही का?" लावून झाला होता.

स्पर्धा अमरावतीला होती. खेळाच्या संध्याकाळी बडेबाबू रंगपटात आले ते हातात एक चपटी गोल डबी घेऊन. पॅनकेक, खास मुंबईहून मागवलेला. आत घट्ट बसवलेली वडी, वर स्पंज. ओल्या स्पंजानं उचलून लावायचं, खलायची कटकट नाही. मी झाकण काढून पाहिलं. रंग गुलाबी, अगदी नवजात बाळाच्या तळव्यासारखा.

"वहिनी, ह्या वेळी हाच," ते म्हणाले.

बाई आरशासमोर बसली होती. तिनं आरशातूनच विचारलं, "का?"

"नायिका आहे ती. सुशिक्षित, सुसंस्कृत घरातली."

"सुशिक्षित आहे असं नाटकात लिहिलंय. गोरी आहे असं कुठं लिहिलंय?"

बडेबाबूंनी तिच्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं पाहिलं. "ते लिहावं लागत नाही," ते म्हणाले, आणि डबी माझ्यासमोर ठेवून बाहेर निघून गेले.

खोलीत आम्ही तिघंच उरलो. हे कोपऱ्यातल्या खुर्चीवर इन्स्पेक्टरची टोपी मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या हातात ओला स्पंज होता. खरं सांगते, मला काय करावं ते कळत नव्हतं. बडेबाबू ह्यांचे साहेब होते. नाटक सगळ्यांचं होतं.

बाई मागे वळली. आता ती शाळेतलं बोलत नव्हती. "ताई, मले थे डबी नका लावू," ती म्हणाली. "माही माय आली हाये पाह्याले. तिनं मले ओयखलं तं पाह्यजे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, हे म्हणतील, बडेबाबू सांगतात तसं कर. शिवाय नायिकेचं काम हातचं गेल्यापासून बाईशी ते धड बोललेही नव्हते. पण हे उठून आले, डबीत डोकावले आणि नाक मुरडलं.

"तिचाच लाव," ते म्हणाले. "म्या लय वर्सं काढली थ्या चुन्याखाली. आतून लय गरम होते."

मी स्पंज ठेवून दिला आणि पितळी काढली. घाई न करता लावलं. डोळ्यांखाली, नाकाच्या बाजूला, कपाळाच्या कडेला, जिथं रंगात चढउतार होता तेवढ्याच जागी. काजळ ठळक केलं, ओठ रंगवले, वरून पावडर दाबली. ह्यांनी तिला सांगितलं, "आता हसा. तोंडभर हसा." भेग पडली नाही. बडेबाबू आले तेव्हा दुसरी घंटा झाली होती. त्यांनी बाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बंद डबीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या रुमालानं स्वतःचंच तोंड पुसलं.

बाई स्टेजवर आली तेव्हा मागच्या रांगेतून एक मोठा आवाज आला, "थे पाय, थे आपली!" लोक हसले. बाई मात्र पहिलं वाक्य ठरल्यापेक्षा दमदार बोलली. तिसऱ्या अंकात ती रडली, आणि खरं पाणी गालावरून ओघळलं तरी रंगावर रेघ उमटली नाही. मी विंगेत उभी राहून फक्त ती रेघ शोधत होते. त्या अंकात नाटक काय झालं, ते मला आजही सांगता येणार नाही.

निकाल आला तेव्हा बडेबाबूंनी परीक्षकांचा शेरा आमच्या घरी येऊन मोठ्यानं वाचून दाखवला. बाईही तेव्हा आलेली होती. तिला अभिनयाचं प्रशस्तिपत्र होतं. नाटकाला काही नव्हतं. आणि शेवटी लिहिलं होतं, की नायिकेचा अभिनय अतिशय सहज. मात्र तिची रंगभूषा करावयाची राहून गेलेली दिसते.

"बघा वहिनी," बडेबाबू म्हणाले. "मी म्हटलं होतं."

मला आधी राग आला. माझ्या आयुष्यात इतक्या निगुतीनं मी दुसरा चेहरा रंगवला नव्हता. मग बाईकडे लक्ष गेलं. ती ओठ दाबून हसू आवरत होती, आणि हे मिशीवर हात ठेवून खिडकीबाहेर पाहत होते, म्हणजे तेही तेच करत होते. मग मलाही आवरेना. बडेबाबू बिचारे आम्हां तिघांकडे आळीपाळीनं पाहत राहिले.

पुढल्या वर्षी ते पुण्याला बदलून गेले आणि मंडळ हळूहळू ढेपाळलं. हे अधूनमधून इन्स्पेक्टर करत. त्यांना मी फक्त पावडर लावायची. काळा इन्स्पेक्टर सगळ्यांना चालत होता. बाईची बदली परतवाड्याला झाली आणि तिथंच तिचं लग्न ठरलं. निमंत्रण द्यायला ती स्वतः आली. मी विचारलं, "रंग घेऊन येऊ?" ती म्हणाली, "ताई, पाहुनी म्हनून या. हात रिकामे ठेवा."

आम्ही दोघं एस्टीनं गेलो. पांढरी साडी नेसून ती उभी होती, तोंड नुसतं धुतलेलं. लग्न साधं, आटोपशीर. जेवणानंतर गावातल्या स्टुडिओवाल्यानं जोडप्याचा फोटो काढला.

काही महिन्यांनी परतवाड्याला जाणं झालं तेव्हा तिनं तो दाखवला. स्टुडिओवाल्यानं कोणी न सांगताच निगेटिव्हवर पेन्सिल चालवून नवरीला गोरं केलं होतं. नवऱ्याला त्यानं हात लावला नव्हता.

"मंग?" मी विचारलं.

"परत पाठवला," ती म्हणाली. "म्हटलं, पुसून दुसरा काढून द्या."

दुसरा भिंतीवर लावलेला होता. त्यात ती जशी होती तशीच होती. फोटो देताना स्टुडिओवाला फार ओशाळला होता म्हणे. म्हणाला, "बाई, हा असाच आला. माह्या हातून काम बिघडलं असं कोनाले सांगू नका."